तेलपाणी: सर्व्हिसिंगच्या यादीचा थोडा इतिहास

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दिली की ॲडव्हायझर टॅबवर एक यादी दाखवतो. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर इथपर्यंत ठीक असतं. मग इंजिन फ्लशिंग, इंजेक्टर क्लीनिंग, डीकार्बनायझिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, इंजिन ड्रेसिंग, टायरमध्ये नायट्रोजन... शेपूट संपतच नाही. ऑफिसला पळायच्या घाईत असलेली आपल्यासारखी माणसं ही यादी दोनच प्रकारे वाचतात. एक तर सगळ्याला 'हो' म्हणतात, कारण गाडीतलं आपल्याला काय कळतं? नाहीतर 'सगळे चोर आहेत' असं म्हणून सगळ्याला 'नाही' म्हणतात. गंमत म्हणजे दोन्हीकडे विचार करायचा त्रास वाचतो.

मला वाटतं ही यादी तिसऱ्या पद्धतीनेही वाचता येते. इतिहासाचं साधन म्हणून. आमच्या धंद्यात पंधरा वर्षं जुना कोड उघडला की त्यात काही ओळी अशा सापडतात की त्या का आहेत हे कुणालाच माहीत नसतं. काढायची भीती वाटते म्हणून त्या राहतात. शोध घेतला की कळतं, अरे, हे तर जुन्या सर्व्हरसाठी होतं, तो सर्व्हर कधीच भंगारात गेला. सर्व्हिसिंगच्या यादीचं तसंच आहे. प्रत्येक ओळ कुठल्या तरी काळात, कुठल्या तरी भागाच्या दुखण्यासाठी जन्माला आली. काहींचं दुखणं अजून आहे. काहींचं गेलं, ओळ राहिली. आणि काही ओळी दुखण्यासाठी नाही, गल्ल्यासाठी जन्मल्या. कुठली ओळ कुठली हे ओळखायचं तर थोडं मागे जावं लागतं.

मागे म्हणजे किती? तर बैलगाडीपर्यंत :-)

माझं गाव पांढरकवडा, जिल्हा यवतमाळ. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचं गाव. पूर्वी हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ७ होता, २०१० च्या फेरक्रमांकात तो श्रीनगर-कन्याकुमारी असा ४४ झाला. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की तेलंगणातलं आदिलाबाद. मुलूख कापसाचा. बाजारात कापूस बैलगाडीने यायचा तेव्हाही 'मेंटेनन्स शेड्यूल' होतंच. आसाला ओंगण द्यायचं. गाडीखाली वंगणाची बांबूची नळी टांगलेली असायची. चाक कुरकुरायला लागलं, की गाडी थांबवून वंगण. त्याला तारीख नव्हती, किलोमीटर नव्हते. जे घासतंय त्याला तेल, आणि घासतंय हे कानाला कळायचं. सगळ्या सर्व्हिसिंगचं मूळ तत्त्व एवढंच आहे. बाकी तपशील.

आता मोटारीकडे या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली, कारखाना कुर्ल्याला. तिथली फियाट ११०० पुढे १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. दुसरीकडे हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बेसेडर, मूळची ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड. आपल्या बाबा-काकांच्या पिढीचं गाडीविषयीचं सगळं शहाणपण या दोन गाड्यांवर तयार झालेलं आहे. आणि या गाड्या खरोखरच काळजी मागायच्या.

बोनेटखाली डिस्ट्रिब्यूटर असायचा, त्यात काँटॅक्ट पॉइंट. इंजिन फिरतं तसे हे पॉइंट उघडझाप करतात आणि प्लगला ठिणगी मिळते. प्रत्येक उघडझापेला पॉइंटवर बारीकशी ठिणगी पडते, ते हळूहळू जळतात, त्यांच्यातली फट बदलते. फट बदलली की टायमिंग बदललं. टायमिंग बदललं की गाडी चढावर हाय खाते, पेट्रोल पिते. मग मेकॅनिक फीलर गेजची पातळ पट्टी घालून फट जुळवायचा, पॉइंट घासायचा, प्लग साफ करायचा, कार्ब्युरेटरचा स्क्रू कानाने ऐकत पाव-पाव फेरा फिरवायचा. याचं नाव 'ट्यूनिंग'. शिवाय स्टिअरिंगच्या आणि सस्पेन्शनच्या सांध्यांना ग्रीसचे निपल असायचे. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांच्या पुस्तिकांत हजार मैलांवर ग्रीसगन चालवायला सांगितलेलं असे. म्हणजे बैलगाडीचं ओंगणच, फक्त दाबाने भरलेलं.

त्यात पेट्रोल शिशाचं. थॉमस मिज्ली आणि जनरल मोटर्समधल्या त्याच्या सहकाऱ्यांनी १९२१ मध्ये शोध लावला की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड मिसळलं की इंजिन ठोकत नाही. पुढची सत्तरेक वर्षं जगभर गाड्या त्यावर चालल्या. माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला ते किती घातक होतं तो वेगळा आणि मोठा विषय आहे. गाडीपुरतं सांगायचं तर प्लगवर, व्हॉल्व्हवर पुटं चढायची. ऑइलही आजच्यासारखं घाण धरून ठेवणारं नव्हतं, तळाशी काळा गाळ बसायचा. त्यामुळे इंजिनचं हेड उघडून काजळी खरवडणं, म्हणजे 'डीकार्बनायझिंग', हे खरंखुरं आणि गरजेचं काम होतं. इंजिन आतून धुणं हेही.

हे लक्षात ठेवा. डीकार्बनायझिंग आणि फ्लशिंग या दोन ओळी पुन्हा भेटणार आहेत.

१४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हातात गेली. आपण या गाडीविषयी बोलतो तेव्हा किंमत, मायलेज याबद्दल बोलतो. पण तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे सर्व्हिसचं पुस्तक आणि त्यातली फुकट सर्व्हिसची कूपनं. पहिली हजार किलोमीटरला, पुढची ठरलेल्या टप्प्यांवर. यातलं 'फुकट' म्हणजे फक्त मजुरी, ऑइल-फिल्टरचे पैसे लागतातच, पण ते सोडा. मोठा बदल असा की आता वेळ गाडी सांगत नव्हती, पुस्तक सांगत होतं. फियाटवाल्याला गाडीचा आवाज ओळखता यावा लागायचा. मारुतीवाल्याला तारीख लक्षात ठेवली की पुरे. बोनेट न उघडता आयुष्यभर गाडी चालवणारा वर्ग आपल्याकडे इथून तयार झाला. त्यात वाईट काही नाही, तुम्हीआम्ही त्याच वर्गातले. पण बोनेटखाली काय आहे हे सांगण्याचा अधिकार इथून काउंटरपलीकडच्या माणसाकडे गेला.

आमच्याकडे ही गोष्ट जरा वेगळी घडली. १९९० च्या दशकात आमच्या ओळखीत 'कंपनीची सर्व्हिसिंग' म्हणजे नागपूर, दीडशे किलोमीटर. एवढ्या लांब कोण नुसतं फिल्टर बदलायला जाईल? महामार्गाचं गाव असल्यामुळे ट्रकसाठी रस्त्याच्या कडेला सगळी मंडळी होतीच: टायरवाला, रेडिएटरवाला, सेल्फ-डायनामोवाला, वॉशिंग-ग्रीसिंगचा रॅम्प. कंपनीची तारीख आणि रस्त्यावरचा कान, दोन्ही एकत्र नांदले. त्यातल्याच एकाने आमच्या गाडीचं दम लागणं ऐकून दिलेला निकाल घरात अजून म्हणीसारखा वापरतात: "गाडीले काई नाई झालं. फिल्टर पाय तिचा. सारी धूळ खाल्ली तिनं."

मग आलं साल २०००, आणि माझ्या मते भारतातल्या सर्व्हिसिंगच्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं साल हेच. बिनशिशाचं पेट्रोल १९९५ मध्ये चार महानगरांत सुरू झालं होतं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद. १ एप्रिल २००० पासून देशभर 'इंडिया २०००' ही धुराची मानकं. दिल्ली परिसरात तर सुप्रीम कोर्टाच्या १९९९ च्या आदेशामुळे त्याहून कडक. या रेट्यात नव्या गाड्यांमधून कार्ब्युरेटर झपाट्याने गेला, त्या जागी इंजेक्टर आणि एक छोटा संगणक आला. पॉइंट गेले. फट जुळवायचं काम गेलं. चोक गेला. सांधे सीलबंद झाले, ग्रीसचे निपल गेले. ऑइल सुधारलं, त्यात घाण विरघळवून धरणारी डिटर्जंट आली, आणि ते आता फिल्टरसकट बदललं की बरीचशी घाण आपोआप बाहेर जाते. ॲम्बेसेडर २०१४ पर्यंत निघत राहिली, मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. पण त्यांच्या दुखण्यांचं पुस्तक बंद झालं होतं ते त्याच सुमारास.

म्हणजे कामाची यादी अर्ध्याने छोटी व्हायला हवी होती. झाली का? कागदावर उलट वाढली!

कारण उघड आहे. १९९३ मध्ये मोटार उद्योगाचं परवानाराज संपलं. देवू, ह्युंदाई, टाटांची इंडिका, सगळे बाजारात उतरले. पूर्वी फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागायचा, आता डीलर सवलत देऊन गाडी खपवायला लागला. नव्या गाडीत डीलरला सुटणारा पैसा थोडा, शोरूमचं भाडं मोठं. मग कमाई कुठे? इन्शुरन्स, ॲक्सेसरीज आणि वर्कशॉप. आणि वर्कशॉपमधली खरी कामं तर कमी झालेली. मग जुनी नावं कपाटातून बाहेर आली. डीकार्बनायझिंग आलं, पण आता हेड न उघडता, मशीनची नळी लावून. फ्लशिंग आलं, पण बाटलीतलं. बाबांच्या पिढीने ही नावं ऐकलेली असतात, म्हणून ती ओळखीची आणि आवश्यक वाटतात. शब्द तोच राहिला, दुखणं मात्र बदललं.

दुसरा धागा वॉरंटीचा. 'बाहेर हात लावलात तर वॉरंटी जाईल' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने, अमुक कंपनीचाच पार्ट किंवा अमुक ठिकाणचीच सर्व्हिस वापरली तरच वॉरंटी, अशी अट घालायला सर्वसाधारणपणे बंदी केली. आपल्याकडे हा विषय २०११ मध्ये शमशेर कटारिया यांच्या तक्रारीमुळे भारतीय स्पर्धा आयोगापुढे आला. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. ठपका असा की सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजपर्यंत पोचू न देऊन त्यांनी बाजार बांधून ठेवला. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट घालू नका असंही आयोगाने बजावलं. पुढे अपिलं झाली, वेगवेगळ्या कोर्टांत वाद झाले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं. लढाई संपलेली नाही, पण काउंटरवर ऐकलेलं वाक्य म्हणजे कायदा नव्हे, एवढं तरी यातून कळतं.

आता हा इतिहास वापरायचा कसा? माझ्या घरचंच उदाहरण देतो. आईवडील पांढरकवड्याला असतात. बाबा स्वतः गाडी चालवतात. आईच्या डोळ्यांच्या उपचारासाठी त्यांना महिन्यातून एकदा तरी नागपूरला जावं लागतं, आणि परतताना हमखास अंधार होतो. महामार्गावर दोन्ही बाजूंनी ट्रक. तेव्हा माझ्यासाठी प्रश्न फक्त पैशांचा नाही. चुकीची ओळ घेतली तर पैसे जातील, चुकीची ओळ गाळली तर काय जाईल ते लिहायला नको.

२०१८ ची पेट्रोल हॅचबॅक. २०२४ मध्ये एका सर्व्हिस सेंटरने दिलेल्या एस्टिमेटमध्ये अकरा ओळी होत्या. मी प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारले. ही ओळ कुठल्या भागाच्या कुठल्या दुखण्यासाठी आहे? तो भाग आणि ते दुखणं आपल्या गाडीत, आपल्या रस्त्यावर आहे का? आणि गाडीबरोबर आलेलं पुस्तक काय म्हणतं?

इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर: घासणं आजही आहे, म्हणून वंगण आजही हवं. हो.

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग: खड्डे आहेत, पुढच्या टायरची एक कड जास्त झिजलेली दिसत होती. हो.

एअर फिल्टर आणि एसीचा केबिन फिल्टर: हवेतच, पण मजुरी देऊन नाही. पहिला चार क्लिपांखाली, दुसरा ग्लव्ह बॉक्सच्या मागे. दोन्ही मिळून पंधरा मिनिटं, आणि बाबांनी स्वतः केले.

इंजिन फ्लशिंग: दर वर्षी ऑइल बदललेल्या इंजिनात गाळ कुठून येणार? नाही. इंजेक्टर क्लीनिंग: ओबीडीचं ब्लूटूथवालं छोटं यंत्र जोडून पाहिलं (संगणकवाल्याच्या हातात हे आपसूक येतं), एकही फॉल्ट कोड नाही, आयडलिंग स्थिर, मायलेज पूर्वीइतकं. नाही. डीकार्बनायझिंग: या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे उडतं आणि व्हॉल्व्ह धुतले जातात. नाही. (तुमची गाडी डायरेक्ट इंजेक्शनची असेल तर पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्हवर खरंच काजळी साचू शकते. तिथे ही मेलेली ओळ पुन्हा जिवंत होते. म्हणून दुसऱ्याचं उत्तर कॉपी-पेस्ट करू नका.) एसी डिसइन्फेक्शन: वास येत नव्हता. नाही. अंडरबॉडी कोटिंग: आमचा मुलूख कोरडा. गाडी रत्नागिरीत असती तर खाऱ्या हवेमुळे दोनदा विचार केला असता. नाही. इंजिन ड्रेसिंग: बोनेटखालच्या प्लास्टिकला चमक. कुठल्याच भागाचं दुखणं नाही. नाही.

अकरापैकी तीन घेतल्या, दोन घरी केल्या, सहा नाकारल्या. इथवर वाचून तुम्हाला वाटेल, बघा, लुबाडतातच. पण गोष्ट इथे संपत नाही. यादीत जे नव्हतं ते जास्त महत्त्वाचं निघालं.

ब्रेक फ्लुइड यादीत नव्हतं, आणि जुनी बिलं चाळली तर सहा वर्षांत एकदाही बदललेलं नव्हतं. हा द्रव हवेतली आर्द्रता शोषतो. डॉट ४ दर्जाचं नवं फ्लुइड निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या फ्लुइडसाठी त्याच मानकाची मर्यादा १५५ वर येते. सतत ब्रेक मारताना ते उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल नुसतं खाली जातं. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकात ते साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगितलेलं असतं. बोनेटची चमक दिसते, ब्रेक फ्लुइड दिसत नाही. आम्ही ते मागून करून घेतलं. हे घरी करायचं काम नाही. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर संपलं.

दुसरं, कूलंट. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. जुन्या गाड्यांत सर्रास पाणीच घालायचे, ती सवय अजून आहे. 'पाणी पाहिलं का?' हा प्रवासाला निघतानाचा प्रश्न. आजच्या गाडीत बोअरचं जड पाणी घातलं की रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार बसतात, आणि कूलंट पातळ झाल्यामुळे त्याचा उत्कलनबिंदूही खाली येतो. इथे जुनं शहाणपण टाकून द्यायचं आणि पुस्तकाचं घ्यायचं.

आणि तिसऱ्या बाबतीत बरोबर उलटं. पुस्तकातल्या तक्त्याखाली बारीक अक्षरात एक टीप असते: धुळीचे रस्ते, सतत छोट्या फेऱ्या, जड ओझं असेल तर अमुक कामं लवकर करा. ती कुणी वाचत नाही. काळ्या मातीचे रस्ते, कापसाच्या हंगामातल्या ट्रकांची आणि जिनिंगची धूळ, हे सगळं त्या टिपेत बसतं. पुण्यातल्या माझ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तकातल्या तारखेपर्यंत टिकतो, पांढरकवड्यातल्या बाबांच्या गाडीचा त्याच्या निम्म्यातच काळा होतो. ते वऱ्हाडी निदान तीस वर्षांनीही जसंच्या तसं लागू आहे, कारण ते गाडीविषयी नव्हतं, रस्त्याविषयी होतं.

मग घरी काय करावं? एअर फिल्टर, केबिन फिल्टर, वायपरची रबरं, काचेचं पाणी, टायरची हवा (साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, तो फुकट मिळतो), बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी, डिपस्टिकवर ऑइलची पातळी. ऑइल बदलणं जमण्यासारखं आहे, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये नको. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाणं जिवावरचं, आणि वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे, ते गटारात ओतायचं नसतं. ब्रेक, एअरबॅग, एसीचा गॅस, टायमिंग बेल्ट, हायब्रिड-इलेक्ट्रिकच्या नारिंगी केबली, यांना हात लावू नये. वॉरंटीत असाल तर पुस्तकातली नेमलेली सर्व्हिस अधिकृत ठिकाणी करा, जादाच्या ओळी नाकारा, बिलं जपून ठेवा. ॲडव्हायझरवर चिडू नका, त्याला महिन्याचं टार्गेट असतं. 'ही ओळ पुस्तकात कुठे आहे, दाखवता का?' एवढं नम्रपणे विचारलं की यादी बरीच आटोपशीर होते.

तर मंडळी, थोडक्यात काय, यादी पूर्ण खरी नसते आणि पूर्ण खोटीही नसते. ती कुर्ल्यातली फियाट, मारुतीची कूपनं, सन २००० चा धूर आणि डीलरचं भाडं यांची मिळून झालेली खिचडी आहे. खडे वेचून खायची. पुढच्या सर्व्हिसिंगच्या आधी ग्लव्ह बॉक्समधलं ते कधीच न उघडलेलं पुस्तक काढा, मेंटेनन्सचा तक्ता आणि त्याखालची बारीक टीप वाचा, आणि ब्रेक फ्लुइड शेवटचं कधी बदललं ते जुन्या बिलांत शोधा. सापडलं नाही, तर सोमवारी पहिला फोन त्यासाठी.